व्लादोचं मत

डंडॉक, आयर्लंड, ४ जून २००६

प्रिय बाबा,

दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा हवापाण्याचंच बोलत बसले. म्हणून हे पत्र.

महिनाभर घरात कुणाला चैन नव्हतं. तुमच्या जावयाचं, व्लादोचं नाव अजून माँटेनेग्रोच्या मतदारयादीत आहे. सर्बियाबरोबर राहायचं की वेगळं व्हायचं, यावर एकवीस मेला मतदान होतं. त्याचे वडील वेगळं व्हायच्या बाजूचे. बहीण येलेना लग्न होऊन बेलग्रेडला, म्हणजे सर्बियात. तिला मत नाही. ती फोनवर रडली, "मला माहेरी यायला पासपोर्ट दाखवायला लावणार का रे?" त्यानंतर याचं जेवणातलं लक्ष उडालं. बॅग भरायची, परत रिकामी करायची, पावसात आमच्या घरांच्या वसाहतीला फेऱ्या मारायच्या. शेजारच्या बाईंनी काळजीनं विचारलं, तर इथल्यासारखं म्हणे, "ग्रँड, ग्रँड," म्हणजे सगळं मस्त चाललंय. एकदा भांडी विसळताना मला म्हणाला, "तू काय केलं असतंस?" मी म्हटलं, तुझा देश, तू ठरव. त्याला सोबत हवी होती बाबा, आणि मी हात झटकून मोकळी झाले.

शेवटी गेला. मतदानाच्या सकाळी रांगेतून बाहेर येऊन त्यानं येलेनाला फोन केला. सांगितलं, मी वेगळं व्हायलाच मत देणार आहे, वडील म्हणतात म्हणून नाही, मलाच तसं वाटतं. ती मग म्हणाली, "निकालाच्या आधी सांगितलंस, बरं केलंस," आणि फोन ठेवला. थोडक्या मतांनी वेगळं व्हायचं ठरलं. वडील अंगणात नाचले. हा परसात एकटाच बसून राहिला. येलेनाचा फोन काल आला, तेरा दिवसांनी. भाच्याला दात येताहेत, एवढंच बोलली. फोन ठेवून हा ढसाढसा रडला.

आता माझं. या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी मी इथल्या कोर्टात आयर्लंडच्या नागरिकत्वाची शपथ घेणार आहे. भारताचा पासपोर्ट परत द्यावा लागेल. तुम्ही चोवीस वर्षं फौजेत काढलीत, म्हणून अर्ज केल्याचं दोन वर्षं लपवलं. मला कुणी भरीस घातलेलं नाही. माझं हॉस्पिटल, माझे पेशंट, माझं घर इथेच आहे, आणि मला हे हवंय. तुम्हाला ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये. रागवा हवं तर, पण शपथेआधी मला तुमच्या तोंडून काहीतरी ऐकू द्या.

तुमचीच,
संध्या