जॉब लावून निघायचं असतं

आई, काल मी एका पोरीवर खेकसलो आणि ते तुलाच सांगायला हवं, असं सकाळपासून वाटतंय. माझ्या हाताखाली संशोधन करते, तासगावची आहे. विद्यापीठाच्या क्लस्टरवर तिनं पहिल्यांदाच मोठं गणित लावलं होतं. क्लस्टर म्हणजे एका थंडगार खोलीत ओळीनं मांडलेले शेकडो संगणक. आपण इथं साताऱ्यात बसून काम पाठवायचं, ते तिकडं करून ठेवतात. पोर तीन दिवस लॅपटॉपसमोरून हलली नव्हती. घरी आजोबा आजारी, फोनावर फोन येतायत, आणि ही आपली रांगेत नंबर कधी लागतोय ते बघत बसलेली. मला म्हणते, "सर, मी गावाला गेले आणि इकडं हे बंद पडलं तर?" मी डोक्यात राख घालून घेतली. सगळ्यांसमोर ओरडलो, "मिट तो लॅपटॉप आणि आधी घरी जा." तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गेली बिचारी. तिची काही चूक नव्हती.

रहिमतपुरात आपल्या गिरणीत तुझी पद्धत सगळ्या आळीला पाठ होती. डब्यात चिठ्ठी टाकायची: कुणाचं, काय, जाड की बारीक. डबा रांगेत ठेवायचा आणि आपापल्या कामाला जायचं. एखादी म्हातारी पदर खोचून उभीच राहिली तर पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून तू म्हणायचीस, "आवं मावशी, डबा ठिवा आन जावा. हितं हुबं ऱ्हाऊन पीठ काय लवकर पडत न्हाई." एकदा मी आपल्याच घरचा डबा गुपचूप पुढं सरकवला आणि दुसरा दारातच मांडून ठेवला, तर तू पाठीत असा धपाटा घातलास की शर्टावर पिठाची पाच बोटं उठली. तो शर्ट घालून मी शाळेत गेलो. घरचा डबा सगळ्यांत शेवटी आणि दारात काही मांडायचं नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट पाहिजे, असं तू दिवसभर बजावत होतीस. भुवयांपर्यंत पांढरी झालेली तू मला अजून दिसतेस. तुझ्यासमोर उभा राहून मी काय शिकलो, देव जाणे.

चौदा वर्षं झाली. मी नुकताच इथल्या कॉलेजात शिकवायला लागलो होतो आणि पीएचडीला नाव घातलं होतं. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी कराडहून सांगलीला किती वेळात पोचतं, हा विषय. तुला सांगितला तेव्हा तू खळखळून हसलीस, नदीकाठच्या कुणालाबी इच्यार की म्हणालीस. क्लस्टरवर मला नवंनवं खातं मिळालं होतं. काम कसं लावायचं त्याची माहिती आली होती, मी ती उघडून पाहिली नाही. कुणाला विचारायचं तर लाज वाटायची, मी पडलो मास्तर. लॉगिन केल्यावर आपण ज्या संगणकावर पोचतो तो नुसता दरवाजा असतो. तिथं एक छोटी स्क्रिप्ट लिहायची, किती संगणक हवेत, किती तास हवेत, काय चालवायचं. ती रांगेत लावायची की झाला आपला जॉब. मी दीडशहाणा, दारातच गणित चालू करून बसलो. असं चालवलं आणि लॅपटॉप मिटला की सगळं जागीच थांबतं, एवढं मात्र मला कळत होतं. म्हणून खुर्ची सोडायची नाही.

तू मिरजेच्या दवाखान्यात होतीस. ताई रोज फोन करायची, आज बरं आहे म्हणायची. त्या दिवशी सकाळी नऊला तिचा आवाज वेगळाच होता. "आई सारखी तुझं नाव घेतीया. आत्ताच्या आत्ता नीघ." मी निघतो म्हणालो. पडद्यावर आकडे सरकत होते, बारापर्यंत उरकलं असतं, दुसऱ्या दिवशी गाइडना दाखवायचं होतं. एवढंच होतं गं, एवढ्यासाठी मी बसलो. साडेअकराला आकडे थांबले. क्लस्टर सांभाळणाऱ्या माणसाचा मेल आला, अगदी सभ्य भाषेत. लॉगिनच्या संगणकावर गणित चालवू नये, सगळ्यांचं काम अडतं, म्हणून तुमचं बंद केलं आहे. जॉब रांगेत लावावा. एकदा लावला की तुम्ही समोर थांबायची गरज नसते, लॅपटॉप बंद केला तरी तो चालू राहतो. मी तो मेल तीनदा वाचला. मग पळत स्टँड गाठला. गाडी पेठनाक्याला वळली तेव्हा ताईचा फोन आला, आणि तिच्याच्यानं बोलवेना.

पुढं ते गणित मी रीतसर रांगेत लावून केलं. पदवी मिळाली, लोक सर म्हणतात. दर वर्षी नवी पोरं आली की पहिल्या दिवशी मी त्यांना एक साधा जॉब लावायला सांगतो आणि लॅपटॉप मिटून सगळ्यांना चहाला पिटाळतो. सर जरा विक्षिप्तच आहेत, असं ती आपसात म्हणतात, मला ऐकू येतं. आज सकाळी त्या पोरीनं फोटो पाठवला, आजोबांच्या उशाशी बसलेली. तिच्या जॉबचा नंबर अजून लागलेला नाही. तो फोटो बघून मला बरं वाटलं आणि लगेच तिचा हेवाही वाटला, तुझ्याशी कशाला खोटं बोलू.

खोटं बोलून झालंय. ताईला वाटतं वाटेत गाडी बंद पडली होती, ती अजून त्या गाडीच्या नावानं बोटं मोडते. म्हणून हा कागद तिच्या हाती लागता कामा नये. त्या दिवशी साडेदहाला तिनं फोन तुझ्या कानाला लावला होता. "कुटं आलास रं?" एवढंच तू विचारलंस. मी म्हणालो, कराड सोडलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तू शेवटपर्यंत सांगत होतीस म्हणे, ल्योक येतोय माझा, कराड सोडलंय त्यानं. आई, मी साताऱ्यातच होतो. खुर्चीवरून उठलोसुद्धा नव्हतो.