ओट्याएवढं टेबल

३ डिसेंबर

टिण्‌-टिण्‌. गरम पाण्यात विसण घालताना वनमालाच्या बांगड्या बादलीच्या काठावर वाजायच्या. आज पहाटे तोच आवाज ऐकून जागा झालो. मोरीपर्यंत गेलोही! नळ ठिबकत होता.

अपर्णा तेव्हा महिन्याची. वनमाला पाय पसरून तिला पायांवर घ्यायची, आणि मी दाराबाहेर उभा राहून चौथीच्या पुस्तकातली चिमणीची कविता म्हणायचो – तालासकट. “पुरे आता, तिच्याआधी मीच झोपेन,” ही आतून.

वनमाला जाऊन दीड वर्ष झालं. आता अपर्णालाच मूल होणार. पहिलं बाळंतपण, माहेरी व्हायला हवं. आणि माहेर म्हणजे कोण – मी!

५ डिसेंबर

इंदूरला फोन. अपर्णाला यायचंय. डॉक्टर म्हणतात, प्रवास करायचा तर या महिन्यातच. पण तिच्या सासूबाई, कुमुदिनीताई, नको म्हणतात. घरात बाईमाणूस नाही, बाळाचं कोण करणार? मी म्हटलं, मी करीन. त्या म्हणाल्या, “गोविंदराव, कविता म्हणून बाळंतपण होत नसतं.”

खरं आहे. माझे गुडघे वाकत नाहीत. खाली बसलो तर उठवायला माणूस लागतो.

लग्नात याच बाई किती हसत होत्या! त्या आणि वनमाला, दोघी सारख्याच ठेंगण्या, मांडवातून निघताना एकमेकींच्या चपला घालून गेल्या होत्या. घरी येईपर्यंत कळलंच नाही.

८ डिसेंबर

अपर्णा म्हणाली, बाळाचे कपडे उभ्यानं बदलायचं टेबल मिळतं हल्ली. खाली बसायलाच नको. हे आधी का नाही सांगितलं!

रेल्वे स्टेशनाजवळ, पडाव भागातल्या एका दुकानात गेलो. “चेंजिंग स्टेशन चाहिए, अंकल?” तिथली मुलगी. म्हटलं, बाई, स्टेशन तर इथं बाहेरच आहे. तिला कळलं नाही. एक प्लास्टिकचं, डुगडुगणारं. एकाला चाकं – बाळ वर आणि टेबल निघालं तर? एक देखणं, पण फार उंच वाटलं. कुठली उंची घेऊ, विचारलं.

“दादीजी को साथ ले आइए ना. हाइट उन्हीं के हिसाब से देखेंगे.”

रिकाम्या हातानं आलो. टेम्पोत बसेपर्यंत ठीक होतो.

११ डिसेंबर

धुकं. चिमणीच्या कवितेची दुसरी ओळ आठवत नाही. दिवसभर.

१२ डिसेंबर

दौलतसिंह सुताराला बोलावलं. जुन्या पलंगाचं सागवान पडून आहे, त्यातूनच करायचं. तीन बाजूंनी कठडा, खाली लंगोट-दुपट्यांना कप्पा. “ऊँचाई कितनी रखूँ, बाबूजी?” मी हात धरून दाखवला – इथवर. त्यानं मापून घेतलं.

२० डिसेंबर

टेबल आलं. सुरेख झालंय. उशीचं बाळ केलं, लंगोट बांधून पाहिला. कमरेत अशी कळ आली की भिंत धरून उभा राहिलो. फार बुटकं झालंय!

काय वाटलं कोण जाणे, स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला हात लावून पाहिला. तेवढंच. बरोब्बर तेवढंच. ओटा वनमालाच्या मापानं करून घेतलेला.

बाळाचं मी करणार, आणि माप दिलं तिचं.

अपर्णाला फोटो पाठवला. लगेच फोन. “बाबा, ये तो आईच्या हाइटचं झालं. कमर टूट जाएगी तुमची.” मग ती रडायलाच लागली. मागून कुमुदिनीताई काय झालं, काय झालं म्हणून विचारत होत्या. फोन बंद झाला.

२१ डिसेंबर

दौलतसिंह पायांखाली ठोकळे लावून द्यायला तयार आहे. नको म्हटलं. का, ते मलाही सांगता येणार नाही.

२५ डिसेंबर

इंदूरहून फोन नाही. मीही केला नाही. काय सांगणार? महिना संपत आला. टेबलावर वर्तमानपत्रं ठेवायला लागलोय.

२७ डिसेंबर

सकाळी घंटी वाजली. दूधवाला समजून पातेलं घेऊनच दार उघडलं.

कुमुदिनीताई! धुक्यानं शाल ओली, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. मागे अपर्णा, पोटावर हात धरून.

“ते टेबल कुठाय?” या म्हणायच्या आत त्या चपला काढून आत. वर्तमानपत्रं उचलून माझ्या हातात दिली. टेबलापाशी उभ्या राहिल्या, दोन्ही हात वर टेकले. वाकावं लागलं नाही.

“माप बरोबर आहे,” म्हणाल्या. “बाळाचं मी करते. तुम्ही कविता म्हणा.”

दुसरी ओळ अजून आठवत नाही.