माळ्यावरचं पीठ

४ नोव्हेंबर
शिवाजी पेठेत खोली मिळाली! डोक्यावर माळा, आणि माळ्यावर उदमांजरांची ये-जा. पेठेतली उदमांजरं मोजायला आलेल्या बाईला आणखी काय हवं? घरमालकीण अंबूबाई खाली राहतात. म्हशीच्या दुधाचा पेला पुढे करत म्हणाल्या, "मांजरं मोजायला पगार देत्यात व्हय? मग आमची म्हस बी मोजा की." माझा नवरा वरद गेल्याला आठ महिने झाले. आज पहिल्यांदा हसले. की हसल्यासारखं केलं, नक्की सांगता येत नाही.

६ नोव्हेंबर
पद्धत साधी आहे. त्यांच्या वाटेवर बारीक भुकटी पसरायची, शेजारी पिकलेलं केळं ठेवायचं, सकाळी ठसे मोजायचे. चुना चालत नाही, ओल्या पंजाला चटका बसतो. रांगोळीचा कण जड, कडा ढासळतात. तांदळाच्या पिठात मात्र बोटांच्या गाद्यासुद्धा उमटतात. स्वयंपाकघरातल्या डब्यात एवढं काही असतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.
अंबूबाईंना ते आवडलं नाही. माणूस गेलं की सुतकात त्याच्या जागी पीठ पसरून वर पाटी झाकतात, मग ठसा बघतात, कोणत्या जन्माला गेला ते. "घरात कोण गेलं न्हाय आन पीठ कशाला? ते बोलावणं असतंय, बाई."
वरदचं मी यातलं काहीच केलं नव्हतं. विद्युतदाहिनी, दाखल्यावर सही, आणि सोमवारी कामावर.

९ नोव्हेंबर
उदमांजर, पाच बोटं, स्वच्छ ठसा. फोटो काढला, मोजपट्टी लावली, नोंद केली.
त्याच्या बाजूला माणसाचा डावा पाय. अनवाणी. सव्वीस सेंटिमीटर, माझ्यापेक्षा तीनने लांब. माळ्याला कुलूप होतं, किल्ली माझ्याकडे.

११ नोव्हेंबर
आज चार ठसे. सगळे डावे. उजवा एकही नाही.
वरदचा उजवा पाय मधुमेहानं गेला होता, गुडघ्याखालून. शेवटची दोन वर्षं तो भिंत धरून एका पायावर उड्या मारत घरभर फिरायचा. त्याच्या चपलेचं माप मला पाठ आहे. तेच आहे.
रडू येईल असं वाटलं. आलं नाही. माळ्याच्या जिन्यावर पीठ पसरलं.

१२ नोव्हेंबर
अंबूबाई म्हणाल्या, उरलेलं सगळं पीठ पंचगंगेत सोडून या. मी हो म्हणाले. येताना आणखी दोन किलो आणलं.

१४ नोव्हेंबर
जिना. उंबरा. पलंगापासून चार फूट. डावा, डावा, डावा. केळ्याला हात लावलेला नाही. त्याला केळं बंद होतं.

१५ नोव्हेंबर
उजवा.
डाव्याच्या शेजारी, पूर्ण, पाचही बोटं. तीनदा मोजला.
वरद नाही. म्हणजे इतके दिवस जे कोणी आहे ते दुसरा पाय वर धरून — मला वरद वाटावा म्हणून —

१६ नोव्हेंबर
अंबूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या हातात केरसुणी दिली. म्हणाल्या, "झाडून काढ पोरी, आन चल खाली माझ्यापाशी निजायला." भीती वाटायला हवी. बोटं फक्त गार पडलीत. केरसुणी कोपऱ्यात ठेवली. खाली गेले तर माझ्याकडे कुणीच येणार नाही.

१७ नोव्हेंबर, दुपार
होतं नव्हतं ते पीठ पसरलं, पलंगावर बसले. लख्ख ऊन. उदमांजर अशा वेळी फिरत नाही.
उंबऱ्यात पीठ दबलं. मी बघत असताना —
डावा. उजवा. डावा. आता लपवत नाही. घाईही नाही.
पलंगाशी. दोन्ही पाय जोडून. मी माझे वर घेतलेले नाहीत —
कोण आहे, असं विचारायचं होतं. तोंडून निघालं वरद. आणि लगेच उजव्याच्या कडेचं पीठ हललं, त्यानं तो पाय वर उचल—