बिघाड नव्हता

प्रिय चिमणे,

काल फोनवर तू सहज विचारलंस, "आई, त्या तारखेला 'तांत्रिक बिघाडामुळे चित्रपट रद्द' एवढंच लिहू ना?" मी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. वाहिनीवर तुझं 'आजच्या दिवशी' लागलं की माझा चहा गार होतो. कुठला चित्रपट कधी झळकला, पहिली रंगीत मालिका कधी आली, सगळं तू किती निगुतीनं सांगतेस! पण ह्या तारखेपुरतं माझंही ऐक. त्या संध्याकाळी पडद्यावर मी होते.

तेव्हा मी निवेदिका होते, एवढं तुला माहीत आहे. रात्रीच्या चित्रपटाची घोषणा माझ्याकडे होती. बॅटरीच्या कारखान्यातल्या खऱ्याखुऱ्या बायकांवरचा चित्रपट. शिशानं त्यांचे हात लुळे पडले होते, आणि मालक म्हणत होता, बायका ढोंग करतात. मी तो दुपारीच पाहिला होता. त्यातली एक बाई स्टुडिओच्या फाटकाशी मला भेटायला आली होती. आमच्या गल्लीत एकच टीव्ही आहे, म्हणाली, सगळ्याजणी तिथं जमणार आहोत, तुम्ही आमची नावं नीट घ्या हं. हे सांगताना तिला पदरही सावरता येत नव्हता.

मेकअप करून बसले, तर साहेबांनी कागद पुढे सरकवला. 'तांत्रिक बिघाडामुळे' वगैरे. विचारलं तर म्हणाले, "वरून आलंय. तुम्ही फक्त वाचा, गोड हसून." गोड हसून! माझ्या डोक्यात तिडीक गेली. लाल दिवा लागला आणि मी कागद उलटा ठेवला. म्हटलं, "चित्रपटात कसलाही बिघाड नाही. तो मी आज पाहिला. त्यातल्या बायका खरं बोलतात, म्हणून तो थांबवलाय."

आता तुझ्या बाबांचं ऐक. नियंत्रण कक्षात प्रक्षेपण तोडायचं बटण त्यांच्या हाताखाली होतं. साहेब "तोडा, तोडा!" म्हणून ओरडत होते, आणि कित्येक वर्षं त्याच खुर्चीत बसलेला हा माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, बटण सापडत नाहीये." माझं शेवटचं वाक्य पूर्ण झाल्यावर ते सापडलं! तोवर आमची ओळख नमस्कारापुरतीच होती. त्यांची बदली डोंगरावरच्या मनोऱ्यावर झाली. मला काढून टाकलं. लग्नासाठी आईनं नोकरी सोडली, ही गोष्ट आम्ही तुला सांगत आलो, कारण बाबांना अजून त्याच नोकरीत दिवस काढायचे होते. पुढे कुणी तो विषय काढला, की ते मिशीत हसून म्हणायचे, "तो बिघाड म्हणजे मीच."

चित्रपट कधीच दाखवला गेला नाही. कारखाना मात्र पुढे बंद करावा लागला, कारण त्या गल्लीनं माझं बोलणं ऐकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याचं फाटक अडवलं होतं. पदर सावरता न येणारी ती बाई सगळ्यांत पुढे उभी होती. पाच-सहा वर्षांत ती गेली. मला ह्या सगळ्याचा एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही. पुन्हा नोकरी मिळाली नाही म्हणून मी रडले, हे खरं. पण रडणं वेगळं आणि पस्तावणं वेगळं.

आता पत्राचं कारण. तुमच्या संचालकांचा फोन आला होता. त्याच तारखेला जुन्या निवेदिकांचा सत्कार आहे, थेट प्रक्षेपण. "बाई, दोन गोड आठवणी सांगा," म्हणाले. मी हो म्हटलंय. मी येणार, खुर्चीत ताठ बसणार आणि त्या बायकांची नावं घेणार, एकेकीचं, नीट. तुला ते संहितेत लिहावंसं वाटलं तर लिही. नाहीतर त्या दिवशी सुट्टी टाक. घराचे हप्ते तुला भरायचेत, मला कळतं, मी तिळभर रागावणार नाही. पण मला थांब म्हणू नकोस, पोरी. मी थांबणार नाही.

अजूनही आवाज न बसलेली,
तुझीच आई