घड्याळ त्यांच्या गुडघ्यात

७ नोव्हेंबर, शनिवार
हरलो. शेवटच्या अकरा सेकंदांत! गुण मिळवून आपण पुढे गेलो, मग अमेरिकन फुटबॉलच्या नियमाप्रमाणे चेंडू लाथेने त्यांच्याकडे धाडला – लांब, थेट मैदानापार. कुणाचा स्पर्श नाही, म्हणून घड्याळ हललं नाही. अकराच्या अकरा सेकंद त्यांच्या हातात. तेवढे त्यांना पुरले.
सामन्याचं घड्याळ मीच चालवते. बावीस वर्षं. संघ माझ्या भावाचा, हॅल्वरचा. कॉलेजच्या डीनने त्याला पार्किंगमध्येच गाठलं. "पुढचा शनिवार, कोच. हरलास तर सामान आवर."

८ नोव्हेंबर, रविवार
चर्चच्या तळघरात कॉफी. म्हातारा ऑर्विल म्हणाला, "इंगा, तुझ्या भावाला घड्याळ कळतं का गं? एखादं भेट दे नाताळला." सगळे हसले. मीही. घरी येऊन भांडी आपटली.

१० नोव्हेंबर, मंगळवार
हॅल्वर जेवता जेवता थांबला. "इंगा, तू घड्याळाची कळ नेमकी कधी दाबतेस?"
"कुणीतरी चेंडूला शिवतो. पंच हात गोल फिरवतो. मग मी."
"तोवर?"
"तोवर काही नाही. चेंडू गडगडत गेला तरी वेळ थांबलेली."
मग त्याने वाटाणा टिचकीने उडवला – सरळ मिठाच्या डबीवर. वाटाणा उसळून जमिनीवर.
"लांब मारायचाच नाही! त्यांचा पुढच्या रांगेतला धिप्पाड गडी, त्याच्या गुडघ्यावर हाणायचा. लगेच स्पर्श. लगेच घड्याळ चालू. आणि चेंडू मोकळा – बसा धुंडाळत! वेळ त्यांच्या गुडघ्यात आहे, इंगा!"
वाटाणा शोधायला मी वाकले. सापडेना. बावीस वर्षं मी ती कळ दाबतेय. हे मला कधी दिसलं नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार
बर्फ. आमचा लाथ मारणारा गडी लायल एकटाच सरावाला. चाळीस पावलांवर कचऱ्याचा डबा, त्यावर लाथेने चेंडू. सदतीस वेळा लागला.

१४ नोव्हेंबर, शनिवार
जिंकलो!
दोन गुणांनी पुढे, चार सेकंद बाकी. लायलने चेंडू ठेवला. हॅल्वरने वर माझ्या घड्याळाच्या खोलीकडे पाहिलंही नाही. पाच हजार माणसं, आणि मला माझाच श्वास ऐकू येत होता.
ठेवणीतली लाथ! खाली, सपाट, सरळ त्या गुडघ्याकडे. मी कळ दाबली. चेंडू उसळला, हातांतून, बुटांमधून – दहा जण त्यावर. ढीग उपसेपर्यंत फलकावर शून्य. चेंडू त्यांच्याकडेच होता. एक सेकंद उरला असता तर त्यांना चेंडू फेकायची एक शेवटची संधी मिळाली असती.
एवढ्या मोठ्या मैदानावर त्याने वेळेची जागा शोधून काढली. माझा धाकटा भाऊ!

१६ नोव्हेंबर, सोमवार
डीनने तीन वर्षांचा करार दिला. ऑर्विलने हॅल्वरला मिठी मारली म्हणे.

१७ नोव्हेंबर, मंगळवार
सामन्याची फीत सावकाश पाहिली. ती किक पुन्हा पाहायची होती, एवढंच.
चेंडू गुडघ्याच्या बाजूने गेला. लागला मागच्याला, जवळजवळ सेकंदाने. त्याआधीच्या चित्रात पंचाचा हात खाली आहे. फलकावर मात्र चाराचे तीन झालेले.
चेंडू कुठे लागणार ते मला ठाऊक होतं. म्हणून कळ दाबण्याआधी मी बघितलंच नाही.

१८ नोव्हेंबर, बुधवार
पंचमंडळाला पत्र लिहिलं: कळ मी आधीच दाबली. दारातल्या टपालपेटीत टाकलं, पोस्टमनने न्यावं म्हणून पेटीची लाल झेंडी वर केली. खिडकीतून दिसतेय. हॅल्वर स्वयंपाकघरात वाटाणे सोलतोय, शीळ घालत.