पाटीचा कायदा

प्रिय भिंगरी,

तुझा निरोप मिळाला. कायदा झाला. फोटोही पाहिला. विधिमंडळाच्या पायऱ्यांवर तू मधोमध उभी, केस पिंजारलेले आणि तोंडभर हसू. दातांची डॉक्टर शोभतेस खरी. मी तो निरोप ओट्यापाशी उभ्याने वाचला आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. शेगडी पुसता पुसता परत वाचला. रविवारी येतेस म्हणून लिहिलंयस, ड्रिल मशीन आणि स्क्रू घेऊन. आधी दारावर बाबांची पाटी लावायची आणि मग दुपारी शुश्रूषा केंद्रातून त्यांना घरी आणायचं. मी लगेच फोन उचलला आणि परत ठेवून दिला. फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि ऐकत कुणीच नाही, म्हणून हे पत्र. कुरिअरवाल्याने रविवारच्या आत पोचवायचं कबूल केलं आहे. बसून वाच. कुणी पेशंट तोंड उघडून बसला असेल तर आधी त्याला मोकळं कर.

कॉलनीची बातमी आधी सांगते, कारण तिचा आनंद तुझा हक्काचा आहे. रहिवासी संघाच्या सेक्रेटरीबाई स्वतः दारात आल्या होत्या. हातात नवं परिपत्रक, चेहरा शाळेत वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलीसारखा. दाराचा रंग, दारावरची पाटी, अंगणातली कपड्यांची दोरी, यात संघाला आता नाक खुपसता येणार नाही, आणि दंड लावायचा झाला तर आधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल, असं त्यांनी मला उभ्या उभ्या वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, तुमची पाटी कधीही लावा, मी माणूस पाठवते. मी म्हटलं, आमच्या घरात ड्रिल चालवणारी आहे. त्या चहा न घेताच गेल्या. कोपऱ्यावरच्या निवृत्त पायलटने त्याच दिवशी दार पोपटी रंगवलं, आणि तेही इतकं वाईट की बाबांनी पाहिलं असतं तर त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला असता. समोरच्या शिंपीणबाईंनी भर अंगणात दोरी बांधून चादरी वाळत घातल्या. त्यांच्याकडे इतक्या चादरी आहेत हे मला माहीत नव्हतं. मला तर वाटतं त्या धुतलेल्याच परत धूत असाव्यात. लोक येता-जाता तुझी चौकशी करतात आणि मी उगाच ताठ मानेने चालते.

हे घर तू शोधलंस तो दिवस मला लख्ख आठवतो. जुन्या घराचा जिना बाबांना झेपेना म्हणून तू दोन महिने वणवण केलीस. मग इथे आणलंस. उंबरठाही नाही, न्हाणीघरात धरायला दांडी, दारासमोर सपाट रस्ता. तू त्या दांडीला लोंबकळून पाहिलंस आणि एजंट घाबरला. बाहेर आलो तेव्हा बाबांनी दोन्ही बाजूंना मान फिरवून पाहिलं. सगळी घरं एका साच्यातली, तीच तपकिरी दारं, तोच दिवा, त्याच मापाची स्टीलची नंबरपट्टी. इथे माणूस चुकून दुसऱ्याच्या बायकोकडे जेवायला जाईल, असं ते म्हणाले, आणि आपण तिघं इतके हसलो की एजंटलाही हसावं लागलं. तेव्हा डोकं अगदी शाबूत होतं त्यांचं. निदान आपल्याला तसं वाटत होतं.

आधी आकडे गेले, हे तुला माहीत आहे. नंबरपट्टीकडे बघायचे आणि त्यांना ती नुसती पट्टी दिसायची. अक्षरं मात्र राहिली. उभा जन्म लोकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी, अक्षरं इतक्या सहज कशी जातील. मग एक दिवस माळ्यावरची फळी काढली, घासली, अस्तर दिलं, दोऱ्याला खडू लावून रेघा पाडल्या, आणि हात टेकायला आडवी काठी धरून आपलं आडनाव रंगवलं. गडद निळ्यावर पिवळं. मी ओट्यापाशी उभी राहून बघत होते. सकाळी चहात साखर घातली का हे ज्यांना आठवत नव्हतं, त्यांचा हात एकदाही थरथरला नाही. शेवटच्या अक्षराची शेपटी त्यांनी पार फळीच्या कडेपर्यंत ओढली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. या वयात. मी मेली लाजले.

ती पाटी होती तोवर सगळं ठीक होतं असं मी म्हणणार नाही, पण ते घरी यायचे. सकाळी फिरायला जायचे, येताना एकेका दारासमोर थांबायचे, आपल्या दाराशी आले की बोटाने हवेत अक्षरं गिरवायचे आणि आत येऊन मला म्हणायचे, आलो बरं का. मला तेवढं पुरत होतं. मग संघाची नोटीस आली. दर्शनी भागात नंबरपट्टीखेरीज काही लावायचं नाही. मी सेक्रेटरीबाईंना जाऊन सांगितलं की हे शोभेसाठी नाही. त्या म्हणाल्या, कळतं हो मला, पण आज तुम्हाला हो म्हटलं की उद्या जो तो पाटी घेऊन उभा राहील. दंडावर दंड चढत गेला आणि शेवटी घरावर बोजा चढवण्याची भाषा झाली. संघाचा दुरुस्तीवाला येऊन पाटी उतरवून गेला. बिचाऱ्याने ती जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता शिडी उचलली.

त्यानंतरचं तुला तुकड्या-तुकड्यांनी माहीत आहे. बाबा शेजारणीच्या घरात जाऊन खुर्चीवर बसले आणि तिलाच म्हणाले, पडदे कुणाला विचारून बदललेस. तिने पहिल्यांदा चहा दिला, दुसऱ्यांदा मला हाक मारली, तिसऱ्यांदा तिची सून बाळाला घेऊन एकटी होती आणि घाबरून किंचाळली. मी दाराला आतून कडी लावायला लागले. ते कडीशी झटायचे. माझ्यावर हात उगारला नाही कधी, पण मला म्हणाले की बाई, मला घरी जाऊ द्या, माझी बायको वाट बघत असेल. एका दुपारी मी कपडे वाळवायच्या यंत्रात घालत होते तेवढ्यात कडी काढून गेले. सापडले ते थेट जुन्या बाजारात, त्यांनीच रंगवलेल्या एका औषधाच्या दुकानाच्या पाटीखाली, फुटपाथवर बसलेले. एका न्हाव्याने ओळखलं म्हणून. पायात चप्पल नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं की आता यांना घरी ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, आणि मी केंद्राच्या कागदांवर सही केली.

केंद्राच्या व्हरांड्यात तू मला म्हणालीस की आई, तू लढलीच नाहीस. म्हणालीस, एका फळीसाठी त्यांना घालवून बसलीस. मला राग आला होता, अजूनही आहे थोडा. पण तू नुसती बोलून थांबली नाहीस. दवाखाना अर्धा अर्धा दिवस बंद ठेवून या कायद्यासाठी आमदारांचे उंबरठे झिजवलेस. आमदारांच्या समितीपुढे तू बोललीस ती सुनावणी शेजारणीने मला तिच्या मोठ्या टीव्हीवर दाखवली, हो, त्याच शेजारणीने. तू बाबांचं सांगत होतीस. ते बोटाने हवेत अक्षरं कशी गिरवायचे ते तू हात वर करून दाखवलंस, आणि समितीतला तो टकला माणूस चष्मा पुसायला लागला. शेजारीण रडली. मी नाही रडले, मला तुझा इतका अभिमान वाटत होता.

एक गोष्ट तू कधी बोलली नाहीस, पण मी तुझी आई आहे. हे घर तू निवडलंस, म्हणून तू इतकी झगडलीस. तुला वाटतं की तू आम्हाला साच्यातल्या घरांत आणून सोडलंस आणि बाबा हरवले. नाही गं माझे राणी. त्या जिन्यावरून ते पडलेच असते एखाद्या दिवशी. तू आम्हाला सपाट रस्ता दिलास आणि त्या रस्त्यावरून ते किती दिवस मजेत फिरले. दुखणं त्यांच्या डोक्यात होतं, तू ते आणलं नाहीस, आणि मीही नाही. हे मी स्वतःलाही रोज सांगते. कधी पटतं, कधी नाही.

तुझे सगळे मोकळे दिवस त्या सुनावण्यांत गेले, म्हणून कितीतरी महिने तू बाबांना पाहिलेलं नाहीस. फोनवर विचारायचीस तेव्हा मी बरे आहेत म्हणायचे. जेवत होते, झोपत होते, मग आणखी काय सांगणार होते मी तुला, तू तिकडे पाय रोवून उभी असताना.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तुझा निरोप आल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही. पाटी टॉवेलातून काढली, पुसली, आणि बसने केंद्रात घेऊन गेले. म्हटलं, त्यांना दाखवू, चला घरी म्हणू. ते खिडकीपाशी बसले होते. पाटी मांडीवर ठेवली तर त्यांचा चेहरा उजळला, आणि माझ्या जिवात जीव आला. त्यांनी ती उजेडाकडे तिरपी धरली, अक्षरांच्या कडांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, हात चांगला आहे, कुणाचं काम? मी म्हटलं, इथलेच एक जण आहेत. ते म्हणाले, शेवटच्या अक्षराला जरा वाहवला आहे, त्या दिवशी खुशीत असणार. मी ते आडनाव मोठ्याने वाचलं. त्यांना काही बोध झाला नाही. मी त्यांना घरातल्यासारखी हाक मारली, आपल्या घरी चला म्हटलं, तर पाटी छातीशी धरून मागे सरकले आणि नर्सला शोधायला लागले. मग मी जरा लांब सरकून बसले. थोड्या वेळाने ते शांत झाले आणि त्यांनी मला विचारलं, काय बाई, दुकानाची हवी की घराची? मी घराची म्हटलं. आमचं आडनाव सांगितलं. म्हणाले, हातात सध्या खूप कामं आहेत, आठ दिवसांनी या, आणि आणलेली पाटी माझ्या हातात परत दिली. ते आनंदात होते, भिंगरी. गेल्या वर्षभरात इतके आनंदात पाहिले नव्हते मी त्यांना. तेव्हा पाटी रविवारी लावू, मी खुर्ची धरते, तू ड्रिल चालव. ती वाचून आत येणारं माणूस आता घरी येणार नाही, एवढं मनाशी धरून लाव. दुपारी केंद्रात जाऊ, पण त्यांना आणायला नाही. बाबा म्हणून गळ्यात पडू नकोस, घाबरतील. गिऱ्हाईक म्हणून जा, समोरच्या खुर्चीवर बस, पाटी रंगवून हवी म्हण. नाव काय घालायचं ते विचारतील. तुझं सांग. कसं लिहायचं तेही विचारतील, तर रडू नकोस, एकेक अक्षर नीट सांग. मी तिथेच असेन, पण गिऱ्हाईक म्हणून, मला ओळख दाखवू नकोस. माझा नंबर तुझ्या आधीचा आहे.

तुझीच,
आई