तिसरी हाक

आलापल्ली, ४ फेब्रु. ५४
भाडेकरू बाईंसाठी आणलेल्या एका रीम कागदाची खरी किंमत: दुकानात दिले ते सोडाच. चांद्याला जाण्या-येण्यात दोन दिवस लाकूड कापायचा आरा बंद. मोटरीत रीम मांडीवर, पायाला मुंग्या. "पोथी हाय का जी?" म्हणून जो तो विचारी, त्याला दरवेळी नवी थाप. शिवाय घरी सौ.चा अबोला.
झुबेदाबाई आऱ्यामागच्या खोलीत भाड्यानं राहतात. विधवा, सासर हैदराबादेचं. उर्दूत कथा लिहितात, तिकडच्या मासिकात छापून येतात. मला त्यातलं अक्षर कळत नाही. त्या वाचतात, मी ऐकतो. मजा येते.

९ फेब्रु.
पडद्याआडून बाईंचा प्रश्न: "दौलतभाऊ, शाम को जंगल में कोई नाम लेके पुकारे तो?"
सांगितलं, एका हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली तर समजायचं माणूस आहे. त्याला तिसरी हाक मारता येत नाही.
"उसको, यानी किसको?"
दिवेलागणीला नाव कोण घेतो! आत टाक करकरत होता.
घरी आलो तर सौ. दारातच. "कवाची आवाज देऊन राह्यली मी, ऐकू येत नाई काऊन?" म्हटलं, आपल्या कामाचं तेवढं ऐकतो. हसली. अबोला सुटला.

१७ फेब्रु.
बाईंच्या दिराचा निरोप. न्यायला येतो, आणि तिकडं लिहिणं बंद. कादंबरी अर्ध्यात आहे. एकदा नेलं की संपलं, म्हणाल्या. "वो आएँ तो आप बस सामने खड़े रहना."
म्हटलं, बाई, खांद्यावर साग वाहून हा आरा उभा केला, तुमच्या दिराला भितो काय? नुसत्या चाकाच्या कण्याच्या आवाजावरून गाडी कोणाची ते सांगतो मी. पान पडलं तर झाडाचं नाव सांगीन. एक हाक मारा, हजर.
"एक नहीं, तीन मारूँगी. वरना आप उसको समझ के बैठे रहेंगे."
दोघंही हसलो. हाकेची कथा लिहून झाली, टपालात टाकलीसुद्धा. शेवट विचारला तर सांगत नाहीत.

२६ फेब्रु.
सौ. माहेरी, ब्रह्मपुरीला. दिवेलागणीला आऱ्यासमोर घराच्या ओट्यावर एकटाच. आऱ्याचं इंजिन बंद, वारा नाही. मोहाचं पान हलत नव्हतं.
"दौलतभाऊ."
एकदाच. उजव्या कानात, इतक्या जवळून की मान वळली. कोणी नाही. आवाज थेट बाईंचा. दुसरीची वाट पाहिली. आली नाही. बाईंनी तीन कबूल केल्या होत्या. म्हणजे हे बाई नव्हेत.
आत जाऊन कडी लावली.

२७ फेब्रु.
खोली उघडी. पडदा नीट गुंडाळलेला. लिहिलेले कागद गेले, कोरे तसेच. मागच्या फाटकाशी जीपची चाकोरी. जीप आली कधी? मी तर ओट्यावर होतो.
आऱ्यावर भुसा भरणारी सोमी म्हणाली, "काल नेलं ना बाईले. तीन हाका मारल्या तिनं, तुमच्याच नावानं. तिसरी तं रडूनच."
"मंग तू काऊन नाई आली?"
"तुमी वट्यावर दिसून राह्यले होते, मालक. उठून अंदर गेले. मले वाटलं, मालकाची मर्जी नाई."
खोटं बोलते. एकच होती. माझे कान

२ एप्रिल
बाईंच्या नावानं मासिक आलं. करीमभाई शिंप्याकडून वाचून घेतलं. हाकेचीच कथा. त्यात एक आरेवाला, ओट्यावर बसलेला. एक हाक ऐकतो. दुसरीची वाट पाहतो. आत जाऊन कडी लावतो.
"पुढं?"
करीमभाईंनी पान उलटलं. सुरम्याची जाहिरात. "बस, इतनाच हय, सेठ."
ही कथा टपालात पडली तेव्हा दीर आलाही नव्हता.

१९ एप्रिल
हैदराबादेला माणूस पाठवला होता. घराला कुलूप. शेजारी म्हणे, कोणती बाई?
हाक रोज येते. दिवेलागणीला, एकच, उजव्या कानात. आता मी ओ देतो. चालेल, चकवा तर चकवा.
सौ. विचारते, "कोणासंग बोलून राह्यले जी?" तिला काही ऐकू येत नाही.

२ मे, चांदा
सौ.नं बळंच डॉक्टरकडे नेलं. त्यानं खिशातलं घड्याळ एका कानाशी धरलं, मग दुसऱ्या. विचारलं, इंजिनाच्या कोणत्या बाजूला उभे राहता?
डावा कान अर्धा राहिलाय. उजवा पार गेलेला, बहुधा वर्षाच्या वर झालं. त्या कानानं मला काहीही ऐकू येत नाही.